मोगरी कधी लावायची?

दहावीचा निकाल लागतो, अकरावीच्या प्रवेशयाद्यांची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास आषाढी येते. पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. एकेकाळचं हे वेगळं गाव आता जळगाव महापालिकेत सामावलं आहे, पण रथाच्या दिवशी ते पुन्हा गाव होतं, घरोघरी पाहुणे येतात. पाहुण्यांचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘मग, काय व्हायचं ठरवलं?’ पोराचं उत्तर एका शब्दाचं असतं. डॉक्टर, इंजिनिअर, पीएसआय, कलेक्टर. उत्तर ठाम आलं की मोठी माणसं मान डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या मते खरा विषय तिथून पुढे सुरू व्हायला हवा. ध्येय ठरवून घेण्यावर आपल्या शाळा, क्लासेस आणि घरं जेवढा जोर देतात, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही ते ठरावीक काळाने पुन्हा तपासण्यावर देत नाहीत. मग मुलाकडे उरते ती नुसती घोषणा, आणि उद्या सकाळी उठून नेमकं काय वाचायचं हे घोषणा सांगत नाही.

या बाबतीत एक जुना प्रयोग फार बोलका आहे. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली तो प्रसिद्ध केला. गणितात मागे पडलेल्या, साधारण सात ते दहा वर्षांच्या 40 मुलांपुढे त्यांनी वजाबाकीची 42 पानं ठेवली आणि सात बैठका दिल्या. काही मुलांना सुचवलं की प्रत्येक बैठकीत सहा पानं करायचं ठरवा. काहींना सुचवलं की सातवी बैठक संपेपर्यंत सगळी 42 पानं संपवायचं ठरवा. काहींना कुठलंच ध्येय दिलं नाही. हिशेब केला तर सहा सत्ते बेचाळीस, म्हणजे पहिल्या दोन गटांचं काम तंतोतंत सारखंच. तरी सहा पानांची मुलं भराभर पुढे गेली, वजाबाकीत पक्की झाली आणि ‘मला हे जमतं’ हा भरवसाही त्यांच्यात आला. 42 पानांचं ध्येय घेतलेली मुलं मात्र ध्येयच न घेतलेल्या मुलांहून फारशी सरस ठरली नाहीत. अमेरिकेत डेमन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी सुमारे चार हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तोही याच वाटेवरचा. ‘अमुक गुण मिळवीन’ असं ठरवणाऱ्यांना त्याचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. ‘इतक्या सराव चाचण्या सोडवीन’ असं ठरवणाऱ्यांनी त्या जास्त सोडवल्या आणि त्यांचे गुणही वाढले.

आता हे आपल्या दहावीच्या वहीत उतरवून पाहू. ‘गणितात 90’ असं पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं असतं. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘दर रविवारी सकाळी बीजगणिताची किंवा भूमितीची 40 गुणांची एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून दोन तास, चुकलेली उदाहरणं मागच्या पानावर, चूक कुठे झाली त्यासकट.’ चार रविवार गेले की मागचं पान बोलायला लागतं. भूमितीत आकृती बरोबर असते, पण सिद्धतेत कारण लिहायचं राहून जातं आणि गुण तिथे जातात. बीजगणितात रीत येते, वेळ पुरत नाही. मग पाचव्या रविवारी सरसकट तीच प्रश्नपत्रिका सोडवण्यात अर्थ नसतो. त्या आठवड्याला फक्त सिद्धता लिहायच्या असतात. ध्येयाची फेरतपासणी म्हणतात ती ही, आणि ‘गणितात 90’ या ओळीची अशी तपासणी करताच येत नाही. मार्चपर्यंत ती ओळ ना खरी असते ना खोटी.

प्रेरणादायी व्याख्यानांतून एक गोष्ट हमखास सांगतात: येल विद्यापीठाच्या 1953 च्या तुकडीत फक्त तीन टक्के मुलांनी आपलं ध्येय लिहून ठेवलं होतं, आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती बाकी सगळ्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली. असा अभ्यास कधी झालाच नाही. लिहिण्याने आपोआप काही घडतं, ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढलेली बरी.

बदलाचा शब्द काढला की पहिला आक्षेप येतो तो चिकाटीचा. ‘आज एक, उद्या दुसरं असं केलं तर पोरगं कुठलंच धड होणार नाही.’ आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर पिंप्राळ्याच्या रस्त्यावर आहे. रथ उंच, लाकडी, जड. दोर धरून गर्दी ओढत असते. रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. वळण किंवा उतार आला की मोगरी लावणारे चाकापाशी वाकतात, लाकडाची मोगरी नेमकी चाकाखाली सारतात, आणि तो अख्खा डोलारा थबकतो, तिरपा होतो, वळतो. मोगरी लावणारे रथ अडवतात असं दोर ओढणारं कुणी म्हणत नाही. शिवाय वळण कुठे आहे हे आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. मोगरी मनाला येईल तिथे लागत नाही. विद्यार्थ्याच्या वर्षातली वळणंही अशीच ठरलेली आहेत: सहामाही, सराव परीक्षा, बोर्डाचा निकाल, नीटचा निकाल. ध्येय लिहितानाच त्याखाली तपासणीच्या तारखा लिहिल्या, तर मधल्या काळात, एका वाईट पेपरनंतर किंवा मित्राने शाखा बदलली म्हणून, ध्येयाला हात लावायचा नाही असंही आपोआप ठरतं. धरसोडीला आळा घालतो तो हा नियम.

तपासणीच्या दिवशी काय बघायचं याचाही क्रम हवा. आधी हे, की ठरवलेलं काम झालं का. झालं नसेल तर वेळापत्रक बदलावं, ध्येय तसंच ठेवावं. काम झालं आणि फळ मिळालं नाही, तर पद्धत बदलावी. पद्धत बदलूनही दोन वळणांपर्यंत फरक पडला नाही, तरच ध्येयाला हात घालावा. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. पहिल्या सहामाहीत गुण घसरले की ‘सायन्स तुझ्याच्याने होणार नाही’ इथूनच सुरुवात होते, आणि मुलगा दिवसाला किती तास नि कसा बसत होता हे कुणी विचारत नाही.

चिकाटीबद्दल आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. 2022 च्या नागरी सेवा परीक्षेला 11 लाखांहून अधिक अर्ज आले, पावणेसहा लाखांच्या आसपास उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि निवड झाली 933 जणांची. सत्कार होतात, चौकात फलक लागतात ते या 933 जणांचे, आणि ‘जिद्द सोडली नाही’ असं त्यावर छापलेलं असतं. जिद्द न सोडलेले बाकीचे हजारो फलकावर येत नाहीत, म्हणून मुलांना दिसत नाहीत. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 वर्षं आहे. थांबायची वेळ स्वतः ठरवली नाही तर ती नियमच ठरवतो, आणि तोवर तारुण्य उलटून गेलेलं असतं. कार्स्टन व्रोश, मायकल शायर आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या संशोधनात दिसलं की न साधणारं ध्येय सोडून दुसऱ्यात मन घालू शकणारी माणसं जास्त समाधानी असतात. दुसऱ्यात मन घालणं यातलं अर्धं काम आहे. नुसतं ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ते अर्धं आठवत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलीने ध्येय फिरवत बसायचं कसं? तिला संधी एकच. पण म्हणूनच तपासणीची गरज तिला सगळ्यांत जास्त आहे. नीटसाठी घेतलेलं ड्रॉपचं एक वर्ष म्हणजे क्लासची फी, खोलीभाडं, मेस आणि घरात न येणारी एक कमाई. 2024 मध्ये 23 लाखांवर मुलं नीटला बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. हे आकडे पुढ्यात ठेवून, कर्ज काढण्याआधी, ड्रॉप घ्यायचा की नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी यांपैकी काही हाती ठेवायचं हे बोललं गेलं पाहिजे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले डॉ. राजेंद्र भारूड एमबीबीएस झाले, मग 2013 च्या तुकडीतून आयएएस झाले आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी. त्यांची कहाणी खानदेशात जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: ध्येय बदललं तेव्हा डॉक्टरकीची वाट खुली होती.

शासनाने 2016 साली दहावीच्या मुलांसाठी श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने कलचाचणी सुरू केली. मुलाचा ओढा कुठे आहे हे बघावं हा हेतू चांगला होता. पण चाचणी एकदाच व्हायची, अहवाल हाती पडायचा आणि पुढे तो अहवाल घेऊन मुलाशी बोलायला बसेल असं माणूस बहुतेक शाळांत नव्हतं. टोरांटो विद्यापीठात सुमारे 1,400 विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन ध्येयं लिहून घेतली, काहींना वर्षभर आठवणीचे संदेशही पाठवले. 2019 मध्ये निष्कर्ष आला की गुणांत काहीच फरक पडला नाही. ध्येयलेखनाच्या उत्साहाला हा मोठा धक्का आहे, आणि तो मान्यच करायला हवा. मला त्यातून एवढंच दिसतं की मोबाइलवरचा संदेश वहीचं मागचं पान वाचत नाही. ते माणसालाच वाचावं लागतं. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. मुलांपाशी रोज पोचायचं, हा त्यामागचा ध्यास होता.

साठ मुलांच्या वर्गात आजच्या शिक्षकाने रोज हे करावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं होईल. शाळाबाह्य कामांनी ते आधीच पिचलेले आहेत. दोन-दोन मुलांनी एकमेकांचं मागचं पान वाचावं आणि वर्गशिक्षकांनी फक्त सहामाहीनंतर नि सराव परीक्षेनंतर ते पाहावं, एवढं जमू शकतं. प्रगतिपुस्तकात पालकांच्या सहीच्या वर दोन ओळींची जागा ठेवावी. तिथे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं की ठरवलेल्यातलं काय बदललं आणि का; काहीच बदललं नसेल तर तेही का. सही करण्याआधी आईबापांनी त्या दोन ओळी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.