गोठा, कत्तलखाना आणि आपले ताट

मांसाहार करावा की करू नये, हा प्रश्न तसा फार जुना. धर्मग्रंथांनी, वैद्यांनी आणि घरोघरच्या आजीबाईंनी त्याची आपापल्या परीने उत्तरे देऊन ठेवली आहेत. पण आपल्या उपनगरांत तो नुसता चर्चेपुरता राहिलेला नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या भागांत भाड्याने जागा पाहावयास गेलेल्या माणसाला पगार किती, घरात माणसे किती, हे विचारण्याआधी ‘मांसमच्छी खाता का?’ असे विचारले जाते, आणि खरे उत्तर देणाऱ्याला पुष्कळदा जिना उतरावा लागतो. तेव्हा या वादाचा थोडा शांतपणे विचार करणे प्राप्त आहे.

या वादात तीन मुद्दे नेहमी ऐकू येतात. मांसाने प्रकृती सुधारते की बिघडते. मुक्या प्राण्याचा जीव घेण्याचा माणसास अधिकार काय. आणि अलीकडे पुढे आलेला तिसरा, म्हणजे एवढ्या जनावरांचा भार ही पृथ्वी किती काळ सोसणार. तिन्ही मुद्दे मोलाचे आहेत. परंतु ते मांडताना एका बाजूस मांस खाणारे व दुसऱ्या बाजूस न खाणारे अशी जी रेघ ओढली जाते, ती आम्हांला खरी वाटत नाही. का वाटत नाही, हे कळण्यासाठी मटणाच्या दुकानात जाण्याचे कारण नाही. म्हशींच्या तबेल्यात जावे लागेल.

मुंबई शहराच्या भर वस्तीत एके काळी म्हशींचे तबेले होते. ते बाहेर काढावेत व शहराला स्वच्छ दूध मिळावे, म्हणून १९४९ साली गोरेगावास आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार. पुढे १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीज कुरियन यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. सुमारे १६,००० जनावरांची सोय असलेली ही वसाहत पाहावयास शाळांच्या सहली जात. सहलीतील मुलांना दुधाच्या बाटल्या दिसत; म्हशीचे पुढे काय होते, हे अर्थातच कोणी सांगत नसे.

म्हैस व्यायल्याखेरीज दूध देत नाही. दहा महिने ती गाभण असते, व्यायल्यावर साधारण आठदहा महिने दूध देते, मग आटते. खेड्यात भाकड म्हैस माळावर चरून दिवस काढते. शहरात वैरण विकतची आणि जागाही विकतची. तेथे दूध न देणारे जनावर उभे करणे मालकाला परवडत नाही. शिवाय होणाऱ्या पारडांपैकी निम्मी नर. कोकणातल्या भातखाचरांत पूर्वी चिखलणीला रेड्यांची जोडी चाले. तेथे आता यंत्रे आली, आणि कृत्रिम रेतनामुळे वळूही थोडेच लागतात. मग हे रेडे आणि या भाकड म्हशी जातात कोठे? पूर्वी वांद्र्यास असलेला कत्तलखाना १९७१ साली देवनारला आला. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी घातली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा मात्र बाहेर राहिले. दूधउत्पादनात आपला देश जगात पहिला, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही तो अग्रेसर. हा योगायोग नव्हे. दोन्ही एकाच गोठ्याची पिके आहेत. सकाळच्या चहात दूध घालणारा मनुष्य मांसाला शिवत नसेल, पण त्या व्यवहाराबाहेर तो नाही.

हे ध्यानात आलेले लोक पूर्वीही होते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच दूध सोडले होते. गायीम्हशींच्या शेवटच्या थेंबासाठी गवळी ‘फुंका’ नावाचा क्रूर प्रकार करतात, हे ऐकून तर त्यांना दुधाचा अधिकच तिटकारा आला. १९१९ च्या सुमारास येथे मुंबईत ते अत्यंत क्षीण झाले असता डॉ. दलाल यांनी दुधावाचून शरीर सुधारणार नाही असे बजावले. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की व्रत गायीम्हशींच्या दुधापुरते होते, बकरीच्या दुधाला हरकत कसली? गांधीजींनी ते घेतले. पण व्रताचे अक्षर पाळून आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात उघड लिहिली आहे. आपल्या ताटाविषयी इतका काटेकोर हिशेब आज किती जण मांडतात?

विनोबांची गोष्ट तर आपल्या अगदी दाराशी घडली. त्यांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ रोजी देवनारच्या कत्तलखान्याच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. मागणी गाय आणि बैल यांच्यापुरती होती. विनोबा त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. सत्याग्रह मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. त्या माणसांच्या निष्ठेपुढे आमची मान लवते. परंतु २०१५ च्या कायद्याने बैलाची विक्री बंद झाली, तेव्हा त्याचा भार कोणावर पडला? दुष्काळात वैरण नसलेल्या शेतकऱ्यावर. म्हातारा बैल विकून नवा घेण्याची त्याची वाट बंद झाली, आणि खाटीक व चामड्याचे काम करणारे यांचा धंदा बसला. दया ज्याला दाखवावयाची तो एक, आणि तिचे मोल देणारा दुसरा, अशी ही रचना आम्हांला न्यायाची वाटत नाही. त्यापेक्षा भुलेश्वरची पांजरापोळ बरी. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई या पारशी गृहस्थाने जैन व हिंदू व्यापाऱ्यांच्या साथीने ती उभी केली. ज्यांना दया आली त्यांनीच पैसे घातले. जमशेटजींच्या स्वयंपाकघराची चौकशी त्या वेळी कोणी केल्याचे दिसत नाही.

पर्यावरणाच्या मुद्द्यालाही गोठ्यापासूनच आरंभ होतो. गुरे रवंथ करताना त्यांच्या पोटात मिथेन वायू तयार होतो, आणि तो वातावरणाला तापवितो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली केलेल्या हिशेबाप्रमाणे मनुष्याच्या व्यवहारांतून निघणाऱ्या असल्या वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात. दक्षिण अमेरिकेत मांसासाठी जंगले तोडून कुरणे होतात, हे खरे आणि वाईट. पण आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत जी १९ कोटींवर गुरे व सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, त्या मुख्यतः दुधासाठी पाळलेल्या. म्हैस दुधाची असो वा मांसाची, तिच्या पोटातला वायू तोच. ओशिवरा आणि दहिसर नद्यांत तबेल्यांचे शेण वाहात आले, तेही दुधाचेच. याउलट वेसाव्याच्या होडीतून येणाऱ्या बोंबलाला कुरण लागत नाही, पेंड लागत नाही. तेथे प्रश्न निराळा आहे: यांत्रिक होड्या बारीक आसाच्या जाळ्यांनी अंगठ्याएवढी पिल्लेही ओढून नेतात. जून-जुलैची मासेमारीबंदी ही कायद्याची, पण नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची कोळ्यांची रीत तिच्याहून जुनी. चंदेरी पापलेटाला २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर करण्यात आले. ते कमी होऊ लागले म्हणूनच हा मान त्याला लाभला.

आता प्रकृतीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केले की सॉसेज, सलामी, हॅम यांसारखे खारवून, धुरावून टिकविलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरांतील अठरा जणांना तो होतो असा नव्हे. मूळचा जो धोका असेल त्यात अठरा टक्क्यांची भर, एवढाच. ताजे बकऱ्याचे वा गुराचे मांस ‘संभवतः’ या खालच्या पायरीवर ठेवले गेले, आणि मासळी व कोंबडी या निर्णयात नव्हतीच. दुसऱ्या बाजूस पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दोनतृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि सर्वांत अधिक उणीव शहरी मध्यमवर्गात. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ते मांस, मासे, अंडी आणि थोड्या प्रमाणात दूध यांतून मिळते. म्हणून शाकाहाऱ्याने मांस खावे असे नव्हे, गोळी घेऊनही भागते. पण शाकाहार हा आपोआपच आरोग्याचा आहार, ही समजूत टाकावी लागेल.

राहिला शेजाराचा प्रश्न. २०१५ च्या पर्युषणात महापालिकेने मांसविक्रीस काही दिवस बंदी घातली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीस स्थगिती दिली. कत्तलखाना बंद ठेवणे निराळे आणि दुकान बंद करणे निराळे. याच न्यायालयाने मे २०१६ मध्ये परराज्यातून आणलेले गोमांस घरी बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. आपल्या घरी काय शिजते हा खाजगी विषय आहे, असा त्याचा आशय. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यातही पुरेशा कारणावाचून कोणाला सभासदत्व नाकारू नये असे लिहिलेले आहे. आता ‘वास येतो’ हे पुरेसे कारण काय? बोंबील तळल्याचा वास आम्हांलाही ठाऊक आहे, आणि हिंगाच्या फोडणीचाही. जिन्यात पाणी सांडू नये, कचरा झाकून ठेवावा, एवढे नियम करून हा प्रश्न सुटतो. जेथे सुटत नाही तेथे वासाच्या आड जात विचारली जात असते, हे आपण सर्वच जाणतो.

घराचा दरवाजा मोठ्यांना अडवितो. लहानांचे नुकसान शाळेत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा दुसरे फळ मिळावयाचे होते. म्हणजे सक्ती कोणावरच नव्हती. तरीही विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा थांबविला आणि अंडे द्यावयाचेच तर लोकवर्गणीतून द्यावे, असे शाळांना कळविले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि ब-१२ ही. सुखवस्तू वस्तीतल्या शाळेला अशी वर्गणी जमविणे कठीण नाही, पण तेथील मुलांना त्या अंड्याची गरज थोडी. देवनारच्या लगत गोवंडी-मानखुर्दला मुलांना अंडे हवे आहे, आणि वर्गणी कोणाकडे मागावयाची हे तेथल्या शिक्षकांना कळत नाही.