रात्रीचं आकाश, भाग ६ : सौंसरचा अंधार

मागच्या भागात लडाखमधल्या हानलेची ओळख झाली. साडेचार हजार मीटरची उंची, नावापुरता पाऊस, आणि डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेलं १,०७३ चौरस किलोमीटरचं अंधाराचं राखीव क्षेत्र. ते वाचून आकाशगंगेचं छायाचित्र काढायचं तर असलं शीत वाळवंट गाठायलाच हवं, अशी समजूत होणं स्वाभाविक आहे. ही समजूत तपासायला पांढुर्णा आणि सौंसरचा मुलूख फार उपयोगी पडतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला संत्र्याच्या बागा आणि महाराष्ट्राची हद्द, आग्नेयेला साठ ते ऐंशी किलोमीटरवर नागपूर. वस्ती भरपूर, वाळवंट कुठेच नाही. तरीही इथे रात्रीचं उत्तम छायाचित्र निघू शकतं असं माझं म्हणणं आहे, कारण प्रकाशाचं अंतर जितकं महत्त्वाचं, तितकीच त्याची दिशा आणि आपण निवडलेली वेळही.

आधी अक्षांश पाहू. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्या मध्ये, मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. तो खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला येतो. सौंसर साधारण २१.६ अंश उत्तरेला असल्याने हा गाभा इथे ३९ अंशांपर्यंत चढतो. हानलेहून तो २८ अंशांच्या वर जात नाही. अगस्त्य इथे जवळपास १६ अंशांवर येतो, तिथे जेमतेम साडेचार. त्रिशंकू तर हानलेहून जवळजवळ दिसतच नाही. इथे मेच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजालगत उभा असतो. यावर कुणी म्हणेल, की हानलेची विरळ, कोरडी हवा त्याहून मोलाची. ती मोलाची आहेच, आणि निव्वळ पारदर्शकतेत हानलेच पुढे राहील. पण गाभा खाली असल्यामुळे तिथे त्याचा प्रकाश माथ्यावरच्या हवेच्या दुपटीहून जाड थरातून येतो, इथे दीडपटीहून थोड्या जास्त थरातून. म्हणजे उंचीने कमावलेल्यातलं काही अक्षांश परत घेतो.

खरा आक्षेप नागपूरचा आहे. गाभा उगवतो आग्नेयेला, सुमारे १२१ अंश दिगंशावर, आणि पांढुर्ण्याहून नागपूरही जवळपास त्याच बाजूला, १३० अंशांच्या आसपास आहे. मार्च-एप्रिलच्या रात्री गाभा वर येतो तो थेट शहराच्या उजेडाच्या घुमटातून. बहुतेक हौशी छायाचित्रकार नेमके तेव्हाच प्रयत्न करतात आणि पिवळट, फिकट चित्र पाहून जागेलाच दोष देतात. दोष वेळेचा आहे. मेच्या मध्यावर रात्री अडीचच्या सुमारास गाभा दक्षिणेला येतो आणि पुढे नैर्ऋत्येकडे कलतो, नागपूरपासून दूर. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाची तुलना इथे बोलकी ठरते. जानेवारी २०२४ मध्ये त्याला डार्कस्काय इंटरनॅशनलने भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. नागपूरपासूनचं त्याचं अंतर सौंसरपेक्षा फारसं वेगळं नाही, आणि तिथून शहर दक्षिणेच्या बाजूला पडतं, म्हणजे गाभा सर्वांत वर असतो त्याच अंगाला. दिशेच्या हिशेबात सौंसर पेंचपेक्षा सुदैवी आहे.

या मुलखाचा सर्वांत चांगला हंगाम मात्र उन्हाळा नाही, ऑक्टोबर आहे. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते. महिन्याच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास पूर्ण अंधार पडतो तेव्हा गाभा नैर्ऋत्येला पंचवीस अंशांवर असतो, वरुडाच्या दिशेला, आणि नागपूर डाव्या हाताला. कोजागिरीनंतर चार-पाच दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला की तास-दीड तास हाती लागतो. दव मात्र पडतं; भिंगावर ते साचू न देण्याची तजवीज हवी.

उजेडाचा थर संगणकावर नंतर पुसता येतो, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. रंगाचा चढउतार वजा करता येतो हे खरं, पण त्या उजेडासोबत आलेला कणकणाट चित्रात तसाच राहतो आणि मंद तारे त्यात बुडालेले असतात. सोडियमच्या जुन्या दिव्यांचा रंग एका अरुंद पट्ट्यात असल्याने तो फिल्टरने बराच अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, शिवाय त्यातला निळा भाग हवेत सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो.

आणि हे एलईडी नागपूरचेच असतात असं नाही. शहराचा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने घटतो, असा नियम मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात मांडला. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या सुमारे २४ लाख, पांढुर्ण्याची ४५ हजार. गणित केलं तर पंधरा किलोमीटरवरचं पांढुर्णा पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरइतकंच आकाश उजळतं. त्याहून जवळ उभं राहिलं की आपलंच गाव जास्त त्रास देतं. बोरगावचं औद्योगिक क्षेत्र, हमरस्त्यावरचे ढाबे, रानडुकरांपासून पीक राखायला शेतात लावलेले प्रखर दिवे या हिशेबात धरलेलेच नाहीत. शेतकऱ्याने दिवा लावू नये असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पेंचमध्येही गावं अंधारात ढकलली नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा परिसरातले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. झाकण घातलेल्या दिव्याखाली बांधावरचं जनावर अधिक स्पष्ट दिसतं, कारण डोळे दिपत नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे कार्यालयं, रस्ते आणि त्यांचे दिवे आता वाढत जाणार. म्हणून इथल्या छायाचित्रकाराने एक काम जरूर करावं: दरवर्षी ऑक्टोबरच्या निरभ्र, बिनचंद्राच्या संध्याकाळी एकाच जागेवरून, तेच भिंग, तेच छिद्रमान, तोच आयएसओ आणि तेच सेकंद ठेवून चारही दिशांची चित्रं घ्यावीत आणि मूळ रॉ फाइली जपाव्यात. दिवे कसे बसवायचे यावर नगरपालिकेत बोलायची वेळ येईल तेव्हा या फाइली पुरावा म्हणून दाखवता येतील. ही चित्रं मोजायची कशी, ते पुढच्या भागात.