गळालेली मात्रा आणि संगणकातील दोषशोधन

संगणकाच्या आज्ञावलीतील चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात आणि ती हुडकण्याच्या कामाला ‘डिबगिंग’. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवला गेला. हे काम विज्ञान शाखेचेच, असा आपला समज असतो. परंतु पुढील दोष ओळखायला मराठीच यावे लागते.

समजा, एका वेब-पानावर आपण प्रवेशअर्ज तयार केला आणि गावाच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा घातली. ‘हातकणंगले’ ही तर सहाच अक्षरे. तरीही छापून येते ‘हातकणंगल’! मात्रा गेली कोठे?

नुसते तर्क लढवण्यापेक्षा आज्ञावली चालता चालता थांबवून पाहावी. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या संपादकात ही सोय आहे. प्रथम एकटी फाइल न उघडता प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर उघडावे. ‘रन अँड डिबग’ विभागात जाऊन ‘लाँच डॉट जेसन’ ही फाइल तयार करावी. तीत तीन गोष्टी महत्त्वाच्या: ब्राउझर कोणता, पान कोणत्या पत्त्यावर उघडते आणि मूळ फाइली कोणत्या फोल्डरात आहेत. नंतर संशयित ओळीच्या क्रमांकाडावीकडे टिचकी मारावी. तेथे लाल ठिपका उमटतो. एफ-५ दाबले की पान उघडते आणि ती ओळ अमलात येण्यापूर्वी काम थांबते. ठिपका पोकळ व करडा झाला, तर पत्ता किंवा फोल्डर चुकले असे समजावे.

आता ‘वॉच’ चौकटीत नावाची लांबी विचारावी. उत्तर येते ९! कारण युनिकोड पद्धतीत काना, मात्रा आणि अनुस्वार यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. एफ-१० दाबून एक पाऊल पुढे गेले, की आठांवर कात्री लागून नववी मात्रा गळालेली डोळ्यांदेखत दिसते. उपायही आहे: जावास्क्रिप्टमधील ‘इंटल सेगमेंटर’ हे साधन हीच अक्षरे सहा मोजते.

मित्रहो, अर्जावर नाव तुटले की ते प्रमाणपत्रावरही तुटलेलेच उतरते, आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात ते विद्यार्थ्याला. यंत्राला क्रमांक कळतात. अक्षर म्हणजे काय, हे त्याला आपणच सांगायचे असते.