गिऱ्हाइकाच्या मनातली गाडी कॉम्प्युटर कशी ओळखतो?

वाहन म्हणजे नुसते इंजिन आणि चार चाके नव्हेत, ही गोष्ट सीट-कव्हर शिवणाऱ्या कारागिराला किंवा ट्रकची बॉडी रंगविणाऱ्या पेंटरला कोणी शिकविण्याची गरज नाही. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, ‘जरा दिमाखदार दिसले पाहिजे’, ‘भडक नको, पण उठून दिसले पाहिजे’, ‘आत बसल्यावर थंड वाटले पाहिजे’. हे शब्द ऐकून कोणते कापड काढायचे, कोणता धागा लावायचा, याचा अंदाज कारागीर आपल्या अनुभवाने बांधतो.

आता हाच अंदाज बांधण्याचे काम मोठ्या वाहन कंपन्या कॉम्प्युटरच्या मदतीने करू लागल्या आहेत. ही विद्या कोठून आली, ती चालते कशी आणि छोट्या धंद्याने तिच्यापासून काय घ्यावे, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेणे जरुरीचे आहे. कारण गाडी शोरूममधूनच गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे सजून बाहेर येऊ लागली, तर बाहेरच्या कारागिराचे काम कमी होणार, हे उघड आहे.

हिरोशिमाची ‘कान्सेई’ विद्या

जपानी भाषेत ‘कान्सेई’ असा एक शब्द आहे. वस्तू पाहून, हाताळून, तिचा आवाज ऐकून माणसाच्या मनात जे उमटते, ते कान्सेई. उर्दूतला ‘एहसास’ आणि मराठीतली ‘भावना’ यांच्या मधला हा शब्द म्हणता येईल. हिरोशिमा विद्यापीठातील प्राध्यापक मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात या एहसासाला मोजमापात बसविण्याची पद्धत उभी केली. माझदा या मोटार कंपनीचे मुख्यालयही हिरोशिमा भागातच आहे. कंपनीचे त्या वेळचे अध्यक्ष केनिची यामामोटो यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात भाषण करताना ‘कान्सेई इंजिनिअरिंग’ हे नाव जगापुढे मांडले.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी. ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखविण्यात आली. ही गाडी बनविताना कंपनीने एकच मुख्य भावना धरली होती: घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, तसे गाडी आणि चालक एक व्हावेत. पण एवढ्यावर कारखान्यात काम होत नाही. म्हणून या भावनेच्या फांद्या पाडण्यात आल्या. गाडी अंगाबरोबर बसली आहे असे वाटावे, हाताची हालचाल थेट गाडीला पोचावी, वेग जाणवावा, चालक आणि गाडी यांच्यात जणू बोलणे चालावे. मग प्रत्येक फांदी पुढे मापापर्यंत नेली. ‘अंगाबरोबर’ म्हणजे दोनच आसने आणि आटोपशीर बांधा, लांबी सुमारे चार मीटर. ‘थेट हालचाल’ म्हणजे आखूड गिअर-दांडा. नागामाची यांनी लिहिल्याप्रमाणे त्यासाठी ९.५ सेंटिमीटर लांबी पसंत करण्यात आली. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा गाठला.

गिऱ्हाइकाचा शब्द सेंटिमीटरपर्यंत नेणे, हेच या विद्येचे सार होय.

शब्दाचे माप कसे बनते?

पहिले काम शब्द जमा करण्याचे. गिऱ्हाइके, दुकानदार, जाहिराती, मासिके यांतून त्या वस्तूविषयी लोक जे शब्द वापरतात ते उतरवून घेतात. नागामाची यांच्या पद्धतीत सुरुवातीला सहाशे ते आठशे शब्द जमा करून त्यांतले शंभरेक कामाचे निवडतात. दुसरे काम नमुने निवडण्याचे. तिसरे काम, लोकांना नमुने दाखवून प्रत्येक शब्दाला गुण द्यायला सांगण्याचे. ‘साधे’ एका टोकाला, ‘दिमाखदार’ दुसऱ्या टोकाला आणि मध्ये पाच किंवा सात घरे. ही पट्टी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑस्गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती.

चौथे काम हिशेबाचे. ते आपल्या धंद्यातल्या उदाहरणावरून पाहू. समजा, सीट-कव्हरचे आठ नमुने केले: दोन प्रकारची कापडे, दोन रंग, आणि पायपिंग असलेले व नसलेले. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. वीस गिऱ्हाइकांना विचारले की प्रत्येक नमुना किती दिमाखदार वाटतो, एक ते पाच गुण द्या. समजा, पायपिंगवाल्या चार नमुन्यांची सरासरी ४.१ आली आणि बिनपायपिंगवाल्या चारांची २.८. फरक १.३. तपकिरी नमुन्यांची सरासरी ३.६ आणि काळ्यांची ३.३. फरक फक्त ०.३. एका कापडाची ३.५ आणि दुसऱ्याची ३.४. फरक ०.१. याचा अर्थ असा की, या गिऱ्हाइकांच्या नजरेत दिमाख पायपिंगमध्ये आहे, महाग कापडात नाही. दुकानदार मात्र ‘दिमाखदार’ शब्द ऐकताच सर्वांत महाग ताग्याकडे हात नेतो. गिऱ्हाईक भाव ऐकून निघून जाते आणि दोघांचेही नुकसान होते.

प्रत्यक्षात गाडीचे भाग पुष्कळ असतात आणि सगळे मेळ घालून नमुने करता येत नाहीत. तेथे जपानी संख्याशास्त्रज्ञ चिकिओ हायाशी यांचे गणित आणि कॉम्प्युटर कामाला येतात. शब्दांचा साठा, चित्रांचा साठा, रंगांचा साठा आणि ‘या शब्दाला हा आकार’ असे नियम कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवतात. शब्द दिला की तो नमुना सुचवितो. उलट बाजूनेही हे काम होते. कारागिराने चित्र दिले, तर ते पाहून लोकांना काय वाटण्याचा संभव आहे, हे तो सांगतो.

मलेशियाचा ‘चितारासा’

२००६ नंतरच्या काही वर्षांत युरोपीय आयोगाच्या मदतीने ‘केटर’ नावाचा एक प्रकल्प चालला. मोटारी आणि ट्रक गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे, पण कारखान्याच्या वेगाने कसे बनवावेत, हा त्याचा विषय होता. त्यात हलिमाहतून खालिद या मलेशियातील संशोधक महिलेचा मोठा वाटा होता. त्यांच्या गटाने आपल्या पद्धतीला ‘चितारासा’ हे मलय नाव दिले. या शब्दातील ‘रासा’ म्हणजे आपलाच ‘रस’. नागामाची यांच्या पट्टीवर वस्तू कशी वाटते ते कळते. चितारासात त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा: गिऱ्हाइकाला ती वस्तू मुळात का हवी आहे? ‘मोठी केबिन हवी’ हे उत्तर झाले. पण का हवी? रात्री झोपायला, सामान ठेवायला, की रस्त्यावर मान मिळावा म्हणून? तिन्ही उत्तरांसाठी केबिन तीन वेगळ्या तऱ्हांनी बनेल.

आज कंपन्यांच्या वेबसाइटवर गाडीचा रंग, चाके, आसनाचे कापड निवडता येते आणि गाडी चारी बाजूंनी फिरवून पाहता येते. पण बहुतेक ठिकाणी प्रश्न ‘कोणता रंग?’ एवढाच असतो. ‘गाडीत बसल्यावर कसे वाटले पाहिजे?’ हा प्रश्न विचारून तेथून रंगापर्यंत येणे, हा चितारासासारख्या साधनांचा खरा फरक आहे. ज्याला आपल्या मनातले नेमके सांगता येत नाही, त्याच्यापुढे शंभर रंग ठेवले तर तो गोंधळतो. हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

कॉम्प्युटरची मर्यादा

यंत्र सरासरी सांगते. सरासरीत एका माणसाचा मिजाज हरवतो. दहा जणांना लाल आवडला आणि दहा जणांना अजिबात नाही, तर सरासरी मध्यम येते. पण ‘मध्यम’ पसंती त्या वीसांपैकी कोणाचीच नसते. दुसरे असे की, एका मुलखातले शब्द दुसऱ्या मुलखात तोच अर्थ देत नाहीत. ट्रकचा मालक ‘मजबूत’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पत्रा असतो. ड्रायव्हर ‘मजबूत’ म्हणतो तेव्हा कदाचित कंबर न दुखणारी सीट. जपानमधला शब्दसाठा आपल्याकडे जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. आणि येथेच स्थानिक कारागिराची जागा आहे. त्याच्याकडे शब्द रोज चालत येतात. फरक एवढाच की, कंपनी ते लिहून ठेवते आणि आपण विसरून जातो.

आपण काय करावे?

दुकानात एक वही ठेवावी किंवा मोबाइलमध्ये नोंद करावी. गिऱ्हाइकाचा शब्द त्याच्याच भाषेत लिहावा, ‘का हवे?’ हा प्रश्न एकदा तरी विचारावा, काय निवडले ते लिहावे आणि कामाचा फोटो जोडावा. सहा महिन्यांनी ‘दिमाखदार’ म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्षात काय नेले, ते काढून पाहावे. नवीन नमुने करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

दोन गोष्टींची खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे. पहिली कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत बदल होईल असा फेरफार चालणार नाही, असे स्पष्ट केले आहे. गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकातील नोंदही बदलून घ्यावी लागते. दुसरी जिवाची. अनेक नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतच बसविलेली असते. त्या जागेवर पक्की शिलाई मारलेले जाड कव्हर चढविले, तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग नीट उघडणार नाही. अशा सीटला त्या बाजूने मोकळे ठेवलेले, किंवा त्या कामासाठी खास तपासलेल्या, सहज उसवणाऱ्या शिलाईचे कव्हरच द्यावे. गिऱ्हाईक आग्रह करील, तरी त्याला समजावून सांगावे.

कॉम्प्युटरवाल्या कंपनीशी पैशाच्या बळावर बरोबरी करणे आपल्याला शक्य नाही. पण गिऱ्हाईक आपल्यासमोर उभे राहून, आपल्या भाषेत, आपल्या मनातले बोलते. ही पुंजी कंपनीला लाखो रुपये खर्चून गोळा करावी लागते. ती आपल्या दुकानात रोज फुकट येते. तिचा हिशेब ठेवायला तेवढे शिकले पाहिजे.