पॉइन्सेटियाला हवी ती रात्र

नाताळात नर्सरीतून आणलेली पॉइन्सेटियाची कुंडी उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळते आणि बऱ्याच घरांत तिथेच तिची गोष्ट संपते. जी तगते, ती पुढल्या डिसेंबरात हिरवीगार असते, पण लाल काही होत नाही. मग खताला बोल लागतो, पाण्याला लागतो, नर्सरीवाल्याला लागतो. दोष बहुधा बाल्कनीतल्या दिव्याचा असतो. आपण ज्याला फूल म्हणतो ती पानंच. खरी फुलं म्हणजे मधले पिवळट, बारीक मणी. ती धरायला आणि भोवतीच्या पानांना रंग चढायला या मूळच्या मेक्सिकोतल्या झाडाला कित्येक आठवडे लांब आणि अखंड काळोखी रात्र लागते. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला, तरी झाडाच्या लेखी ती रात्र मोडली. बाजारासाठी लागवड करणारे हेच उलटं वापरतात: हवं तोवर रात्री दिवे लावून झाड हिरवं राखतात.

परदेशी पुस्तकांतला उपाय ठरलेला आहे. ऑक्टोबरपासून रोज संध्याकाळी पाच ते सकाळी आठ कुंडी खोक्याखाली झाकायची. तो इथे जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. थंड देशांत हिवाळ्यात झाड घरात घ्यावं लागतं आणि घरात दिवे असतात, म्हणून ते खोकं. पुण्यात 21 डिसेंबरची रात्रसुद्धा जेमतेम तेरा तासांची, तरी जुन्या बंगल्यांच्या आवारातली पॉइन्सेटियाची झुडपं कोणी न झाकता लाल होतात. म्हणजे बारा तासांहून थोडी मोठी रात्र पुरते, आणि ती ऑक्टोबरपासून आपल्याकडे फुकट मिळते.

मुंबईत हे जमत नाही, असं कोणी म्हणेल. रात्री उकाडा असला की रंग उशिरा चढतो, हे खरं. पण उशीर म्हणजे नकार नव्हे. दुसरी तक्रार रास्त आहे: पुन्हा फुललेलं झाड दुकानातल्यासारखं ठेंगणं, गुबगुबीत दिसत नाही. दुकानातला तो आटोपशीरपणा बहुतेक वेळा वाढ रोखणाऱ्या औषधाचा असतो. घरी त्याची थोडी भरपाई कात्रीने होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटावं (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये), पावसाळ्यात शेंडे खुडावेत, पण सप्टेंबर लागल्यावर हात आवरावा. पाण्याचं म्हणाल, तर कुंडीभोवतीचा चकचकीत कागद आधी काढा. त्यात पाणी तुंबून मुळं कुजतात. आणि सप्टेंबर सरायच्या आत कुंडी अशा जागी हलवा, जिथे दिवसा ऊन येतं आणि रात्री ना घरातला दिवा पोचतो, ना रस्त्यावरचा. तशी जागा नसेल, तरच खोकं शोधा.