लिनक्सवर हार्ड डिस्क उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी जरा थांबा

समजा, रिसोडमध्ये एक छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपलीये, लोक अल्बमसाठी फोनवर फोन करतायत. स्टुडिओतला कॉम्प्युटर जुना, विंडोज १० वर रडतखडत चालणारा. कुणीतरी त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि गडी एकदम पळायला लागला. सगळं झकास. फक्त एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली, की स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळींचा एरर येतो आणि डिस्क काही उघडत नाही.

त्या डिस्कमध्ये चार लग्नं, दोन बारशी आणि एका आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत. दुसरी कॉपी कुठेच नाही.

अशा वेळी प्रत्येक गावात एक जाणकार मित्र असतो. तो फोनवरच निदान करतो, "ड्रायव्हर गेला असेल, फॉरमॅट मार."

या सल्ल्याचा पहिला भाग बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरा भाग चार लग्नं पुसून टाकतो.

हा प्रश्न आत्ताच का वाढला, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर बाद. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे. इथला झेरॉक्सवाला, टायपिंग क्लासवाला किंवा स्टुडिओवाला चांगला चालणारा कॉम्प्युटर असा एका तारखेला भंगारात काढत नाही. त्याच्यासमोर फुकटातला पर्याय म्हणजे लिनक्स. उबुंटू, मिंट, डेबियन अशी त्याची बरीच रूपं आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं डेबियनवरच बेतलेली बॉस नावाची भारतीय आवृत्तीही काढलेली आहे.

विंडोजवरून आलेला माणूस मात्र सोबत विंडोजच्या सवयी घेऊन येतो. त्यातली एक सवय म्हणजे काहीही चाललं नाही की ड्रायव्हर शोधणं.

ड्रायव्हर कुठे असतो?

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम एक भाषा बोलते, जोडलेलं यंत्र दुसरी. मधला माणूस दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगतो. विंडोजवर हा दुभाषी अनेकदा बाहेरून आणावा लागतो, कंपनीच्या वेबसाईटवरून किंवा पूर्वी मिळायच्या त्या सीडीवरून. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषी घरातच राहतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सोबतच हजारो ड्रायव्हर घेऊन येतो. साटा हार्ड डिस्कसाठी एएचसीआय, नव्या चपट्या एसएसडीसाठी एनव्हीएमई, यूएसबी डिस्कसाठी यूएसबी-स्टोरेज आणि यूएएस, हे सगळे त्यात आलेच.

त्यामुळे अमुक कंपनीच्या हार्ड डिस्कचा लिनक्स ड्रायव्हर डाउनलोड करा, असं सांगणारी वेबसाईट दिसली तर सरळ मागे फिरावं. तशी वेगळी फाईल जवळपास कधीच लागत नाही. ड्रायव्हर जुना वाटत असेल, तर सिस्टीम अपडेट करायची. कर्नल नवा आला की ड्रायव्हर नवे येतात.

आणखी एक गोंधळ आहे. डिस्क उघडायला एक नाही, दोन प्रकारचे ड्रायव्हर लागतात. बाजार समितीचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची पोती आत रचलेली आहेत. गोदामापर्यंत जायला रस्ता पाहिजे, दाराची किल्ली पाहिजे. हे काम कंट्रोलरच्या ड्रायव्हरचं. पण आत गेल्यावर कुणाचं पोतं कुठल्या थप्पीत आहे, हे नोंदवहीत लिहिलेलं असतं. ती नोंदवही म्हणजे फाईल सिस्टीम. विंडोजची नोंदवही एनटीएफएस, लिनक्सची बहुधा ईएक्सटी-४, पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डांची एक्सफॅट. नोंदवही मोडीत लिहिलेली आणि कारकुनाला फक्त देवनागरी येत असेल, तर माल सुखरूप असूनही हाताला लागत नाही. फॉरमॅट मारणं म्हणजे ती वही फाडून कोरी वही ठेवणं.

म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: अडलंय कुठे, रस्त्यावर की नोंदवहीत?

दोन मिनिटांची तपासणी

लिनक्समध्ये टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या लिपीत 'एलएसबीएलके' ही पाच अक्षरं सलग टाइप करून एंटर मारायचा. पासवर्ड लागत नाही आणि यानं काही बिघडतही नाही. कॉम्प्युटरला दिसणाऱ्या सगळ्या डिस्कांची यादी आकारासकट येते. टर्मिनलची भीती वाटत असेल, तर मेन्यूत 'डिस्क्स' नावाचं ॲप असतं, तेच चित्ररूपात दाखवतं.

यादीत एक टीबीची डिस्क दिसली आणि तिच्याखाली तिचं पार्टिशनही दिसलं, तर रस्ता मोकळा आहे. (टीबीची डिस्क तिथं ९३१ जीबी दाखवते. घाबरू नका. कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ नं.) मग अडचण नोंदवहीत आहे. डिस्क यादीतच नसेल किंवा आकार शून्य दाखवत असेल, तर केबल, पोर्ट, वीज किंवा खुद्द डिस्ककडे बघायचं.

याच्या जोडीला दुसरी आज्ञा, 'सुडो डीमेसग'. डीमेसगचं इंग्रजी स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी. ही कर्नलची रोजनिशी. डिस्क जोडल्यानंतर लगेच ही आज्ञा दिली, की शेवटच्या पंधरा-वीस ओळींत कर्नल स्वतःच तक्रार सांगतो. एररचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून मदत मागणारे बरेच असतात, पण ते बहुतेक वेळा वरवरचा मेसेज टाकतात. खरी माहिती या ओळींमध्ये असते. तिथं 'डर्टी' किंवा 'अनक्लीन' शब्द दिसला तर नोंदवही अर्धवट राहिलीय. 'अननोन फाईलसिस्टीम' दिसलं तर ती लिपी वाचणारा घरात नाही. 'रीसेट' पुन्हा पुन्हा येत असेल तर वीज किंवा केबल. आणि 'आय-ओ एरर'च्या रांगा लागल्या असतील, तर डिस्क खरंच आजारी असू शकते.

एनटीएफएसची जुनी भांडणं

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी भानगड एनटीएफएसची. ही फाईल सिस्टीम मायक्रोसॉफ्टनं १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आणली. तिची आतली रचना कंपनीनं पूर्णपणे खुली केली नाही, त्यामुळे लिनक्सवाल्यांना ती उलटीकडून उलगडत शिकावी लागली. अनेक वर्षं लिनक्सवरून एनटीएफएस वाचता यायचं, पण त्यावर भरवशानं लिहिता यायचं नाही. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर स्थिर झाला आणि लिहिणंही जमू लागलं. तो कर्नलच्या बाहेर राहून काम करतो, म्हणून जरा संथ. मग २०२१ मध्ये पॅरागॉन या कंपनीनं आपला ड्रायव्हर लिनक्सला दिला आणि कर्नल ५.१५ पासून तो एनटीएफएस-३ नावानं आतच आला.

नवा ड्रायव्हर शिस्तीचा आहे. डिस्कवर 'डर्टी'ची खूण असेल, तर तो लिहिण्यासाठी ती उघडतच नाही. जुना या बाबतीत बराच सोशिक. परिणामी मागच्या आवृत्तीत उघडणारी डिस्क नव्या आवृत्तीत अडते आणि लोक म्हणतात, अपडेटनं ड्रायव्हर बिघडवला. ड्रायव्हर ठीक असतो, तो फक्त नियमावर बोट ठेवून उभा असतो.

ही खूण पडते कशी? एक, लिहिता लिहिता वीज गेली. फोटो कॉपी होत असताना लाईट जाणं हा वाशिममध्ये काही दुर्मीळ प्रसंग नाही. दोन, डिस्क 'सेफली रिमूव्ह' न करता ओढून काढली. आणि तीन, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोप घेतं. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून ही सोय. जणू मुनीम वही उघडी टाकून, मी येतोच, बाकीचं आल्यावर लिहितो म्हणून निघून गेला. अशा वेळी दुसऱ्यानं त्या वहीत खाडाखोड केली तर हिशेब बिघडणारच. लिनक्स नकार देतं ते यासाठी.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडायची. माउंटच्या आज्ञेत 'आर-ओ' हा पर्याय दिला, की बहुतेक वेळा डर्टी डिस्कही उघडते आणि तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्यायचं. मगच दुरुस्ती. त्यासाठी शेजारच्या दुकानातला विंडोज लॅपटॉप पाच-दहा मिनिटं मागून आणणं सगळ्यात उत्तम. डिस्क जोडायची, प्रॉपर्टीजमधल्या टूल्समध्ये जाऊन 'चेक' करायचं आणि नीट इजेक्ट करून काढायची. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाकायची.

इंटरनेटवर याला 'एनटीएफएसफिक्स' हा झटपट उतारा सांगतात. तो बऱ्याचदा चालतो, पण तो किरकोळ डागडुजी करून खूण पुसतो. विंडोजची तपासणी करते ती सगळी दुरुस्ती तो करत नाही. कॉपी घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

एक्सफॅटची गोष्ट छोटी आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये तिची रचना जाहीर केली आणि २०२० च्या कर्नल ५.७ पासून चांगला ड्रायव्हर आत आला. त्याआधीच्या जुन्या लिनक्सवर कॅमेऱ्याचं कार्ड उघडत नसेल, तर सिस्टीम अपडेट करणं एवढंच काम.

डिस्क दिसतच नसेल तर

आधी केबल बदला. हे ऐकायला फारच बाळबोध वाटतं, म्हणूनच लोक ते सगळ्यात शेवटी करतात. मग पोर्ट बदला. यूएसबी २ पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर वीज देतो, यूएसबी ३ चा पोर्ट ९००. फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कला सुरू होताना जास्त ओढ लागते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा स्वस्तातल्या यूएसबी हबला जोडली, की ती मध्येच धापा टाकून बंद पडते आणि रोजनिशीत 'रीसेट'च्या ओळी दिसतात. मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघायचं.

तरीही रीसेट थांबत नसतील आणि ओळींमध्ये 'यूएएस' हा शब्द येत असेल, तर इथे मात्र खरोखर ड्रायव्हरची बाब असू शकते. यूएएस ही यूएसबीवर जलद बोलायची पद्धत. काही स्वस्त डबीतल्या चिपा ती येते असं सांगतात आणि ऐन वेळी अडखळतात. कर्नलला त्या चिपेचा क्रमांक देऊन, हिच्याशी जुन्या पद्धतीनंच बोल, असं सांगता येतं. त्याला 'क्वर्क' म्हणतात. वेग थोडा कमी होतो, डिस्क मात्र टिकून राहते.

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना दुसरीच गंमत होते. इन्स्टॉलरला आतली एसएसडी दिसतच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिच्या पडद्याआड डिस्क झाकली जाते. बायोसमध्ये जाऊन ती बंद केली किंवा मोड एएचसीआय केला, की डिस्क दिसते. पण त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवायचं असेल, तर घाई नको. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बायोस बदलायचं, नाहीतर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवायची.

राहिली आजारी डिस्क. 'स्मार्टसीटीएल' हे साधन डिस्कच्या आतली प्रगतिपुस्तिका दाखवतं. त्यातल्या ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींत शेवटचा आकडा शून्यापेक्षा जास्त आणि वाढत चाललेला असेल, तर तबकडीवरच्या जागा खराब होतायत. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्यायचा. आणि डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल, तर कुठलीही आज्ञा नको, काढून ठेवायची. प्रत्येक वेळी चालू केल्यावर उरलेलं थोडं आणखी जाऊ शकतं. अशी डिस्क उघडायला डेटा रिकव्हरीवाला लागतो आणि त्यासाठी बहुधा मोठं शहर गाठावं लागतं. खर्चही डिस्कच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त.

स्टुडिओतल्या त्या डिस्कचं लक्षण 'डर्टी' निघालं, तर काम शेजारच्या लॅपटॉपवर भागतं. सगळे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरले आणि त्यातले दहा-वीस उघडून पाहिले, की पुढे ही डिस्क कशासाठी वापरायची ते ठरवता येतं. फक्त लिनक्सवरच वापरायची असेल तर ईएक्सटी-४ बरी. विंडोजवाल्या गिऱ्हाइकांनाही द्यायची असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट. यातली एक्सफॅट कुठेही उघडते, पण बदलांची आगाऊ नोंद ठेवत नाही, त्यामुळे लिहिताना लाईट गेली तर तिचं जास्त नुकसान होऊ शकतं. हे ठरलं, की मग त्या मित्राचं ऐकून खुशाल फॉरमॅट मारा.