विद्रावकातही तग धरणारे जीवाणू

रंग, रोगण, छपाईची शाई अशा अनेक वस्तूंच्या निर्मितीत टोल्यूईन हे सेंद्रिय विद्रावक वापरले जाते. स्निग्ध पदार्थ विरघळविणे हा त्याचा गुणधर्म होय. सजीव पेशीभोवतीचे पटलही मुख्यतः स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते. टोल्यूईन या पटलात शिरले की ते सैल पडते, आतील क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. हजार भाग पाण्यात एक भाग टोल्यूईन मिसळले, तरी बहुतेक सूक्ष्मजीवांचा नाश होतो.

असे असताना १९८९ साली जपानमधील अकिरा इनोउए व कोकी होरिकोशी या शास्त्रज्ञांनी मातीतून मिळविलेला एक जीवाणू निम्मे टोल्यूईन असलेल्या द्रवातही वाढतो, असे दाखवून दिले. तो स्यूडोमोनास पुटिडा या जातीचा होता.

हे कसे घडते? वाकड्या काटक्यांची मोळी सैल राहते, सरळ काटक्यांची घट्ट बसते. विद्रावकाचा स्पर्श होताच हा जीवाणू आपल्या पटलातील वाकड्या मेदाम्लांना सरळ रूप देतो व पटल घट्ट करतो. तरीही आत शिरलेले टोल्यूईन पटलातील विशिष्ट प्रथिने पंपाप्रमाणे सतत बाहेर फेकतात. गळक्या होडीतील पाणी उपसत राहावे, तसेच हे कार्य आहे. त्यासाठी बरीच ऊर्जा खर्ची पडते. असे काही पंप प्रतिजैविक औषधेही बाहेर टाकतात, ही बाब वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. विष सोसणे निराळे आणि विष पचविणे निराळे. बाहेर फेकलेले टोल्यूईन नष्ट होत नाही. ते पाण्यातच राहते. ग्रॅनडा (स्पेन) येथील संशोधकांनी १९९५ साली वर्णन केलेला याच जातीचा एक वाण मात्र टोल्यूईन सोसतो आणि अन्न म्हणून त्याचे विघटनही करतो. प्रदूषित पाणी व माती यांच्या शुद्धीकरणासाठी असेच वाण उपयुक्त ठरू शकतात. परंतु या विघटनास प्राणवायू लागतो. जमिनीखाली खोलवर, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे त्यांचे काही चालत नाही.

म्हणूनच जीवाणू आहेत या भरवशावर विद्रावके ओढ्यात वा उघड्या जमिनीवर सोडणे योग्य नव्हे. विहिरीचे पाणी एकदा दूषित झाल्यावर ते शुद्ध करण्यापेक्षा, ते दूषित होऊ न देणे केव्हाही सोपे व कमी खर्चाचे आहे.